मांजरवाले वादक आणि आमचं पाकीट

"सेवेचे कसले पैसे घेता, महाराज?" हा प्रश्न हंगामात कुठल्या ना कुठल्या गावात कानावर येतोच. विचारणारा बहुधा कमिटीतला असतो आणि जनरेटरवाल्याचे पैसे त्यानं चकार शब्द न काढता आदल्याच दिवशी दिलेले असतात.

मी गंगाखेडचा. सप्त्यात कीर्तनाला मृदंग वाजवतो. शेती आहे, पण कोरडवाहू. सोयाबीनचा भाव पडला की आधी आमचं घर हलतं आणि मग गावोगावच्या सप्त्याच्या वर्गणीच्या पट्ट्या हलतात, म्हणजे मार दोन्हीकडून. मृदंगाचे कुठं हजार मिळतात, कुठं पंधराशे. शाल, श्रीफळ आणि फेटा वेगळा. शालींनी कपाट भरलंय, पण शाल घेऊन पेट्रोल कुणी देत नाही.

हे सगळं आज लिहायला कारण झालं माझ्या भाच्याचे घरमालक. भाचा आयर्लंडमध्ये लिमरिकला नोकरीला आहे. घरमालक इलन पाइप्स हे हवेच्या पिशवीवर वाजणारं आयरिश वाद्य वाजवतात आणि वर्षातले बरेच महिने दौऱ्यावर असतात. ते नसले की त्यांच्या मांजराला याने खाऊ घालायचं, त्या बदल्यात भाड्यात सूट. त्यामुळं आमच्या घरात त्यांना 'मांजरवाले' असंच नाव पडलंय. आई विचारते, "मांजरवाले आले का रे गावाहून?"

पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं तेव्हा मी मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावत होतो. भाच्यानं फोन त्यांच्याकडं दिला तर नमस्कार-चमत्कार राहिला बाजूलाच, गृहस्थ एकदम स्क्रीनजवळ आले. हे पीठ कशाचं? किती लावायचं? वाजवून झालं की काय करता? मी सांगितलं, गव्हाची कणीक, मऊ मळलेली, लिंबाएवढा गोळा घेऊन मधोमध थापायचा, आवाज खोल लागेपर्यंत कमी-जास्त करायचा आणि शेवटी खरवडून काढायचा. ज्या गावात जाऊ तिथल्याच एखाद्या घरून पोरगं वाटीत घेऊन येतं. हे ऐकून ते हसले आणि आत जाऊन आपल्या पाइप्सची पेटी घेऊन आले.

इलन पाइप्स तोंडानं फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली पट्ट्यानं बांधलेला भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी, बोटांखाली सुरांची नळी आणि मांडीवर आडव्या पडलेल्या, एकच सूर धरून ठेवणाऱ्या आसेच्या नळ्या. नळीच्या तोंडाशी बोरूच्या जातीच्या झाडाची रीड असते, नखाएवढ्या रुंदीची. सगळा जीव तिच्यात. आयर्लंडच्या ओल्या हवेत ती नीट बोलते. अमेरिकेत थंडीच्या दिवसांत हीटर लावलेल्या हॉलमध्ये गेली की वाळते आणि सूर सोडते. म्हणून पेटीत हवेतला ओलावा मोजायचं छोटं यंत्र ठेवलेलं. माझं उलटं आहे. आषाढात पुडी सैल पडते, हातोडीनं गठ्ठे ठोकून ठोकून हात दुखतो. भाचा मध्ये दुभाष्या होता, पण एवढ्या भागात त्याची गरजच पडली नाही.

पाइप्स शिकायला 7 वर्षं, सरावाला 7 आणि वाजवायला 7, असं तिकडं म्हणतात. हे वाद्य 2017 साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं. मी विचारलं, यादीत गेल्यावर मानधन वाढलं का? भाच्यानं विचारायचं टाळलं.

दौऱ्याचं ऐकून मात्र मी गप्प झालो. 17 मार्चला सेंट पॅट्रिकचा दिवस असतो, त्याच्या आगेमागे अमेरिकेत आयरिश वादकांना मागणी. त्यासाठी आदल्या वर्षापासून पत्रव्यवहार, व्हिसाची कागदं आणि त्याची फी, विमान, भाड्याची गाडी. रोज शेकडो मैल गाडी हाकायची, संध्याकाळी पोचून साउंड तपासायचा, दोन तास वाजवायचं, आणि मग दारात टेबल मांडून स्वतःच्या सीडी विकायच्या. त्या टेबलावरचा गल्ला काही वेळा परतीच्या खर्चाला तारतो. वाद्य सामानात टाकायचं नाही, जवळच ठेवायचं. नळ्यांचा तो गुंता बघून विमानतळावरच्या पोलिसांना शंका येते. एकदा मांजरवाल्यांना तिथंच जोडून वाजवून दाखवावं लागलं.

इकडं आमचं विमान म्हणजे मोटारसायकल. मृदंग गवसणीत घालून मागं आडवा बांधायचा. कीर्तन नऊला उभं राहतं, अकराला आरती, मग पंगत, आणि मग राणीसावरगावच्या अंधाऱ्या रस्त्यानं घर. सात दिवस एकाच गावात मुक्काम असला तर देवळाच्या सभामंडपात सतरंजी. पहाटे काकडा सुरू होतो, त्यामुळं झोप कशी असते ते विचारू नका.

माझ्या मनात सगळ्यात घर केलं ते त्यांच्या पबमधल्या सेशनच्या गोष्टीनं. टेबलाभोवती दहा-पंधरा जण बसतात, फिडल, बासरी, कॉन्सर्टिना जे असेल ते घेऊन. कागद समोर नाही. एक चाल दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा, असं साधारण तीन वेळा फिरवून न थांबता दुसऱ्या चालीत शिरायचं. बाहेरच्याला वाटतं, मित्र जमलेत, मजा चाललीय. पण त्यातल्या दोघा-तिघांना पबवाल्यानं पैसे देऊन बसवलेलं असतं. कुठली चाल उचलायची, कधी बदलायची, नवख्याला कसं सामावून घ्यायचं आणि दुसरा बोधराण घेऊन आलेल्याला न दुखावता कसं थांबवायचं, हे त्यांच्याकडं. बोधराण म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा त्यांचा डफ; एका वेळी एकच बरा, याबाबतीत तिकडं एकमत आहे. बाकीचे हौसेनं येतात. आणि पगारी माणसानं पगारी दिसायचं नाही, ही अट न सांगता असतेच.

हुबेहूब आमचा सप्ता! टाळकरी चाळीस असोत की शंभर, पायावर पाय टाकत मनापासून उभे असतात, त्यांना पंगत पुरते. पैसे असतात कीर्तनकाराला, गायकाला आणि मृदंगवाल्याला. कीर्तनकार चढत्या आवाजात 'विठ्ठल विठ्ठल' उचलतो तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही, उजव्या हाताकडं बघतो. बोटं मिटली की लग्गी, म्हणजे जलद वाजवणं, सोडायची आणि ठाय, म्हणजे संथ लय, पकडायची. तिथं अर्धी मात्रा चुकली तर सगळे टाळ घसरतात आणि गावभर होतं, की मृदंगवाल्यानं घाण केली. टाळकऱ्याची चूक शंभरात विरते, माझी विरत नाही. मी पैसे त्याचे घेतो. भक्ती माझीही आहे, तिचा हिशोब कमिटीनं ठेवायची गरज नाही.

मांजरवाल्यांनाही तेच ऐकावं लागतं. लग्नात, वाढदिवसाला "एखादी चाल वाजवा की, बिअर आमच्याकडून." तिकडं बिअर, इकडं बुंदी.

त्यांनी टरलो कॅरोलन या जुन्या आयरिश वादकाची गोष्ट सांगितली. जन्म 1670 चा, अठराव्या वर्षी देवीच्या रोगानं डोळे गेले. मॅकडरमॉट रो नावाच्या घराण्यातल्या बाईंनी त्याला हार्प हे तारांचं वाद्य शिकवून घेतलं, घोडा दिला, वाटाड्या दिला. मग 1738 साली मरेपर्यंत तो वाड्यावाड्यांवर फिरत राहिला. ज्याच्याकडं मुक्काम, त्याच्या नावानं चाल बांधायचा. मला लगेच आमचा माइक आठवला: "आजच्या पंगतीचे अन्नदाते..." आणि मग अर्धा तास नावं. कॅरोलनची पद्धत बरी म्हणायची, निदान ऐकायला चाल तरी मिळायची.

2022 साली आयर्लंड सरकारनं चिठ्ठ्या टाकून 2000 कलावंत निवडले आणि तीन वर्षांसाठी त्यांना आठवड्याला 325 युरो सुरू केले. मांजरवाल्यांचा नंबर लागला नाही. आपल्याकडंही ज्येष्ठ कलावंतांना मानधन आहे, पण त्याला वय 50 लागतं. म्हणजे हात थकायला लागल्यावर. तोवर मांजरवाले हिवाळ्यात झूमवर शिकवण्या घेतात आणि जुलैत क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबेला विली क्लॅन्सी समर स्कूल या संगीताच्या उन्हाळी शाळेला जातात. 1973 पासून भरतं ते. मी उन्हाळ्यात देवळात पोरांना मृदंग शिकवतो. फी देतील ती.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा विश्वासच बसेना, की मी तारीख नुसत्या फोनवरच्या शब्दावर देतो आणि आगाऊ काही घेत नाही. मागं एका गावानं शेवटच्या दिवशी निम्मंच पाकीट हातात ठेवून "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं होतं, तेही सांगितलं. ते भाच्याला म्हणाले, मामांना सांग, निम्मे आधी घ्यायचे, ओळखीच्या गावाकडूनसुद्धा.

ओळखीच्या गावाकडं मागायची हिंमत नाही झाली. नव्या गावांना सांगायला लागलोय. काही जण फोन ठेवतात. परवा एकानं ऐकून घेतलं, लगेच फोनपेवर इसार टाकला, आणि पाच मिनिटांत परत फोन: "महाराज, पैसे पोचले ना? मग आता गायक पण तुमच्याच वळखीतला आणा. अन् त्यो तुमच्याच गाडीवर बसंल ना? आमच्याकडं आणायला गाडी न्हाई."