बुटक्या शेवंतीचं गुपित

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर सोलापूर रोडच्या एका नर्सरीतून शेवंतीची कुंडी आणली. रोप जेमतेम वीतभर, वर पिवळ्या फुलांचा असा घुमट की पान शोधावं लागे. फुलं सरल्यावर हौसेने फुटवे वेगळे करून लावले, तर बया पुढच्या पावसाळ्यात कमरेएवढी झाली आणि सहकारनगरच्या आमच्या गच्चीत आडवी पसरली.

नर्सरीतल्या माळीदादांना विचारलं. ते हसले. "मावशी, आम्ही बुटकं ठेवायचं औषध मारतो ना!"

मग वाचत बसले. खोड लांबतं ते जिबरेलिन नावाच्या वाढीच्या द्रव्यामुळे. त्याचा शोधच मजेशीर. जपानात भाताची रोपं एका रोगाने ताडमाड, फिकट होऊन कोलमडायची. ही करणी एका बुरशीच्या स्रावाची, हे शास्त्रज्ञ कुरोसावांनी १९२६ साली दाखवलं. पुढे कळलं की झाडं स्वतःही हे द्रव्य बनवतात. नर्सरीतलं औषध ते बनणंच रोखतं. पेशी आखूड राहतात, दोन पेरांमधलं अंतर घटतं, पानं गर्द हिरवी होतात. फुलं मात्र येतात.

अशा औषधांतलंच एक, पॅक्लोब्युट्राझॉल, कोकणात हापूसला देतात, मोहोर धरावा म्हणून. दापोलीचे भाऊजी कलमाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिली औषध पाण्यात कालवून जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती ओततात. त्यांच्याकडून छोटी बाटली मागून आणली आणि प्रत्येक कुंडीत एक चमचा! आंब्याच्या कलमाचं माप मी शेवंतीला लावलं. कुंडीला याचे काही थेंबही भारी पडतात, हे नंतर कळलं.

शेवंतीची नवी फूट चार बोटांवरच थांबली. पानं काळपट, चुरगळलेली, कळ्या पानांत रुतून बसलेल्या. उपटून टाकली. त्याच मातीत जानेवारीत पेटुनिया लावला, तोही कोबीच्या गड्ड्यासारखा जमिनीला चिकटून बसला! हे औषध मुळांवाटे चढतं आणि मातीत महिनोन् महिने टिकतं. पानांवर फवारायचं डॅमिनोझाइड नावाचं दुसरं औषध निदान मातीत असं मुक्काम ठोकत नाही.

यंदा शेवंतीचे शेंडे जूनपासून दोनदा नखाने खुडले. गुडघ्याएवढी झालीये, चार काठ्यांच्या आधाराने उभी आहे. ती माती अजून गोणीत पडून आहे. हे रोज विचारतात, टाकणार कधी? कुठे टाकू, खाली सोसायटीचा जास्वंद आहे.