क्विक हिच: तिसरा आठवडा, सरी रेजर अजून बाकी

काल कल्टिव्हेटर सीटवरून न उतरता अडकवला. दोन मिनिटं. पण तिथवर यायला उद्यमनगरच्या वर्कशॉपला पाच फेऱ्या झाल्या.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: हिच म्हणजे औजार झटपट अडकवायची लोखंडी चौकट. ट्रॅक्टरच्या मागचे खालचे दोन आर्म आणि वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, तिला एकदाच जोडायचे. चौकटीला खाली दोन हूक, वर एक. ट्रॅक्टर मागं घेऊन हूक औजाराच्या पिनांखाली आणायचे, लिफ्ट उचलायची, लॉक पडले की झालं.

घोडं अडलं ते मापात. आपल्या मिनी ट्रॅक्टरच्या जोडणीचं माप कॅटेगरी १, म्हणजे खालच्या पिना २२ मिमी आणि वरची १९. खालचे हूक मात्र साडेछत्तीस मिमीच्या बुशला (पिनेवर चढवायच्या नळीला) बसणारे, त्यामुळं नुसती पिन आत खुळखुळ वाजते. लेथवर बुश कातून घेतले. वरचा हूक खालच्यांपासून १५ इंचांवर. रोटाव्हेटर बरोब्बर बसला. कल्टिव्हेटरची वरची पिन निघाली १८ इंचांवर! चार औजारं चार गॅरेजांत बनलेली, मग दुसरं काय होणार? मिस्त्रींनी खाली नवीन कान वेल्ड करून दिले.

रोटाव्हेटरचं दुखणं वेगळंच. चौकटीमुळं औजार चार इंच मागं सरकतं, तेवढा पीटीओचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद औजाराला देणारा दांडा, बाहेर ओढला जातो. नळीत नळी जेमतेम बोटभर उरली होती. तशीच ५४० आरपीएमला फिरवली असती तर... लांब शाफ्ट घेतला. आणि हो, शाफ्ट जोडायला खाली उतरावंच लागतं, ते काही सुटत नाही.

वजन मागं गेल्यामुळं बांध चढताना ट्रॅक्टरचं तोंड हलकं लागतं. पुढं वजनं टाकलीत.

परवा माझाच गाढवपणा. डावं लॉक नीट पडलं नव्हतं, बघितलंच नाही. सरीच्या टोकाला लिफ्ट उचलली आणि कल्टिव्हेटर एका अंगावर लोंबला. बांधावरून आबा म्हणाले, “एवढ्या येळात मी दोन सऱ्या सोडल्या असत्या.” आता लॉकच्या मुठीला लाल रंग मारलाय, पडलं नसेल तर सीटवरनं दिसतं.

उरला सरी रेजर, सऱ्या पाडायचं औजार. त्याच्या खालच्या पिनांमधलं अंतर कमी आहे, हूक बाहेरच राहतात. भरणी, म्हणजे पिकाला माती लावणं, तोंडावर आलीय, तोवर तो जुन्या पद्धतीनंच, हातोड्यानं.