आमची वाटचाल : ती टक्‌टक् आमचीच

सांगलीतल्या आमच्या हरभट रोडवरच्या दुकानात वडिलांनी २००५ च्या पुराची रेघ निळ्या ऑइलपेंटने भिंतीवर ओढून ठेवली होती. गिऱ्हाईक आलं की ते आधी रेघ दाखवायचे, मग रेडिओ उघडायचे. धंदा माझ्या हातात आला तेव्हा त्या रेघेच्या वर वीतभर जागा सोडून मी फळ्या ठोकल्या आणि फळ्यांवर ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या उभ्या लावल्या. एवढी हुशारी जन्मभर पुरेल असं वाटलं होतं.

मूळ धंदा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचा. पुढे कॅसेटवरून सीडी, सीडीवरून पेनड्राइव्ह. कुणाच्या लग्नातल्या मंगलाष्टका, कुणाच्या आजोबांचं कीर्तन. पैसा तिथेच होता, आजही तिथेच आहे. त्या तबकड्या वाजवणारा इंटरनेट रेडिओ हा त्या पैशावर पोसलेला शौक, पण लोक आम्हाला ओळखतात ते त्याच्यामुळे. २०१३ च्या गुढीपाडव्याला सुरू केला. सेकंदाला चौसष्ट किलोबिट, मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. ‘मोनोच का?’ असं अजूनही कुणीतरी विचारतं. अहो, १९२५ पर्यंत तर माइकसुद्धा नव्हता. गवई कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खोबण कोरायची. त्यात डावं-उजवं कुठून आणू? शिवाय चौसष्टला एका श्रोत्यामागे तासाला साधारण २९ एमबी जातात. शंभर जण ऐकायला बसले तर तासाला तीन जीबीच्या आसपास, आणि सर्व्हरचं बिल माझ्या नावावर.

२०१३ ते २०१९ रेडिओ चालला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता चाचांबद्दल. ते मिरजेचे, तंतुवाद्यं करणाऱ्या घराण्यातले. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून चाचाच. सुरू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “कालची रात्रीची तबकडी चढी वाजवलीत.” मी म्हटलं, चाचा, मशीन नवीन आहे, मिनिटाला बरोब्बर ७८ फेऱ्यांवर फिरतंय. ते म्हणाले, “मशीन बरोबर आहे बाबा, तबकडी ७८ ची नाही.”

तो फोन म्हणजे माझी शाळा. अठ्ठ्याहत्तर हा आकडा पुढे ठरत गेला. कर्ण्याच्या काळात कुठली तबकडी ७४ वर कोरलेली, कुठली ७६ वर, कुठली ८० वर. ७४ वर कोरलेली ७८ वर फिरवली की जवळजवळ एक पट्टी चढते. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, ताना उगाच चपळ होतात, आणि ऐकणारा म्हणतो, काय तयारी होती हो पूर्वीच्या लोकांची! तयारी होतीच, पण थोडी आमच्या मोटरची असायची. तेव्हापासून शंका असलेली प्रत्येक तबकडी मी चाचांना दोनदा-तीनदा वेगवेगळ्या गतीने ऐकवतो. ते भोपळा घासत ऐकतात. मान हलली की ती गती पक्की. त्यांनी आजपर्यंत एक रुपया घेतलेला नाही. भडंग मात्र सांगलीचंच लागतं, आणि त्यात लसूण जास्त.

हत्यारांचं थोडं सांगतो, कारण हल्ली कुणीही दोन-तीन हजारांचा प्लेअर आणून ‘दुर्मीळ संग्रह’ सुरू करतो. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीची, सुई टोकाशी अठरा-वीस मायक्रॉनची असते. ७८ च्या खोबणीला ती लावली तर ती तळाशी जाऊन धूळ नांगरते. इथे पंचाहत्तरच्या आसपासची सुई हवी. माझ्याकडे चार जाडीच्या आहेत, कारण पूर्वीच्या पोलादी पिनांनी खोबण कुठल्या उंचीवर खाल्ली आहे ते प्रत्येक तबकडीत वेगळं. झिजलेल्या भागाच्या जरा वर किंवा जरा खाली बसणारी सुई सापडली की मेलेली तबकडी बोलते. दुसरं, सुई बसते ते कार्ट्रिज स्टीरिओ वापरायचं. आवाज मोनो असला तरी खोबणीला भिंती दोन असतात. दोन्ही वेगवेगळ्या भरून घ्यायच्या आणि कमी खरखरणारी ठेवायची. आणि कृपा करून ही लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही.

लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही! हे मी लोकांना सहा वर्षं सांगत होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. वडिलांची निळी रेघ दिसेनाशी झाली, फळ्यांच्या खालच्या तीन ओळीही दिसेनाशा झाल्या. आम्ही विश्रामबागला मेव्हण्यांकडे. दुकान उघडलं तेव्हा आत गाळ घोट्याच्या वर होता आणि वास अजून नाकात आहे.

लाख पाण्याला तशी दाद देत नाही. ज्यांच्या पोटात कागदाचे थर होते त्या फुगून गेल्या, काही तडकल्या, पण बऱ्याचशा धुऊन निघाल्या. गेली ती लेबलं. बादलीच्या तळाशी कुत्र्याचं चित्र, कुठे निळा कपटा, कुठे नुसता लगदा. हातात काळ्या तबकड्यांची चळत आणि कुणाची कुठली ते सांगायला काही नाही. संग्रह करणाऱ्यांना कळेल हे काय असतं. तिजोरी शाबूत आणि किल्ली वितळलेली.

त्यातून बाहेर काढलं ते दोन गोष्टींनी. लेबलाच्या कडेला लाखेतच उमटवलेला एक बारीक नंबर असतो. टॉर्च आडवा धरून, भिंगातून, एकेक नंबर आम्ही वहीत उतरवला आणि जुन्या याद्यांशी ताडून पाहिला. दुसरं म्हणजे कान. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत गाणारा शेवटी आपलं नाव सांगतो. गौहरजानचं ‘माय नेम इज गौहरजान’ सगळ्यांना माहीत आहे. १९०२ ला कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्गने मेणावर घेतलेलं गाणं जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जायचं, आणि तिथल्या माणसाला नाव कळावं म्हणून ही सोय असं सांगतात. शंभराहून जास्त वर्षांनी ती सोय सांगलीच्या पुरात उपयोगी पडली. बाकीच्या तबकड्यांना चाचा. एकदा ते नुसती तंबोऱ्याची जुळणी ऐकून म्हणाले, “हे वाद्य आमच्याकडचं.” मला खरं-खोटं सांगता येणार नाही, पण नंबर ताडल्यावर गायक मिरजेशी नातं असलेलाच निघाला.

पाच महिने रेडिओ बंद होता. सर्व्हर चालू ठेवायला वडिलांचा ऑसिलोस्कोप विकला. तो विकायला नको होता.

या पाच महिन्यांत एक तबकडी सापडली. नाट्यपद आहे. कुणाचं ते लिहीत नाही, कारण पुढचं वाचलंत की कळेल. तिच्या कडेला पुरात एक टवका उडाला होता. धृपदापर्यंत दर फेरीला ‘टक्’. ७८ ला म्हणजे पाऊण सेकंदाला एक. अंतऱ्याला सुई टवक्याच्या पुढे जाते आणि मग नुसतं गाणं. ती टक्‌टक् मला सॉफ्टवेअरने एका मिनिटात काढता आली असती. काढली नाही. फार घासलं की तंबोरा पाण्याखाली गेल्यासारखा होतो, आणि आमच्याकडे पाणी पुष्कळ झालं होतं.

२०२१ मध्ये पुण्याकडच्या एका गृहस्थांनी आपली वाहिनी सुरू केली. ‘विस्मृतीतून बाहेर’ वगैरे. उत्तम निवेदन, मागे समईचं चित्र. महिन्याभरात तिथे आमचं पद. शेवटची आमची निवेदनाची ओळ कापलेली. खरखर इतकी काढलेली की पेटी शिंकल्यासारखी वाजते. पण टक् राहिली होती. सुरुवातीच्या सगळ्या गेल्या, मधल्या तीन राहिल्या. त्या तिन्हींमधलं अंतर मी मोजलं. आमचं आणि त्यांचं तंतोतंत एक. गतीसुद्धा चाचांनी ठरवलेली. मग शोधत गेलो तर एकूण एकोणीस पदं आमची.

त्याच महिन्यात आमचा एक प्रायोजक, आमच्याच गावचा हळदीचा व्यापारी, तिकडे गेला. म्हणाला, तिकडे लोक जास्त बघतात. बघतात! रेडिओ बघतात!

मी वकिलांकडे गेलो. टक्‌टकीचा तक्ता घेऊन गेलो. त्यांनी तो नीट पाहिला, चहा मागवला आणि म्हणाले, तबकडी तुमची आहे, ध्वनिमुद्रण कुणाचंच नाही. १९५७ च्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं. तो कधीच संपला. तुम्ही तरी त्याच आधारावर वाजवताय ना?

हो, त्याच आधारावर. तो आधार तर मी नखाने मोजून पाळतो. इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाला रेडिओसारखा सरसकट परवाना मिळत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये सांगितलं. आम्ही तर पहिल्यापासून मुदत संपलेलंच वाजवतो. पदाचे शब्द आणि चालसुद्धा मोजतो, करणारा गेल्यावर साठ वर्षं. नाटककार देवल आमच्या हरिपूरचे, १९१६ ला गेले, प्रश्न नाही. खाडिलकर आमच्या सांगलीचे, १९४८. पण त्यांच्या ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ ला गेले, म्हणून २०१५ संपेपर्यंत त्या पदांना मी हात लावला नाही. श्रोते चिडायचे. सांगलीचा रेडिओ आणि ‘मानापमान’ नाही? नाही म्हणजे नाही. एवढं पाळणाऱ्या माणसाला वकील सांगतो की गाळ काढणं, नंबर वाचणं, सुया बदलणं, गती लावणं याला कायद्यात नाव नाही.

ते दोन महिने वाईट गेले. हिशेब सौ. बघतात. त्यांनी वही बंद करून ठेवली, एवढंच सांगतो. रेडिओ बंद करायचा असं लिहिलेलं पत्र मी श्रोत्यांना पाठवणार होतो. आधी चाचांना वाचून दाखवलं. ते भोपळ्याला लाखेची जोडणी करत होते. ऐकून म्हणाले, “तुझ्या पत्रात सूर लागलेला नाही. उद्या बघू.” उद्या त्यांनी तो विषयच काढला नाही आणि एक तबकडी ऐकायला मागितली. पत्र राहिलं.

आता दुकान विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर आहे. जुलै २०२१ चं पाणी आम्ही तिथल्या गॅलरीतून टीव्हीवर पाहिल्यासारखं पाहिलं. पण गिऱ्हाईक जिना चढायला कंटाळतं. तुम्ही जागा घेणार असाल तर पहिला मजला घ्या, आणि मेव्हण्याला भागीदार करू नका. तो वेगळा विषय आहे.

गेल्या दिवाळीत पुण्याहून त्या गृहस्थांच्या माणसाचा फोन आला. फार अदबीने बोलत होता. त्यांच्याकडे कुणीतरी लेबल नसलेल्या चाळीस तबकड्या आणून दिल्या होत्या. कुणाच्या आहेत ते ओळखून मिळेल का, गतीही लावून हवी होती. मी दर सांगितला, दर तबकडीमागे. जीएसटी वेगळा. चाचांचं भडंग वेगळं.

विचारून कळवतो म्हणाला. अजून फोन नाही.