लिस्बनचे शेवटचे तीन दिवस: टेकड्या सोडा, नदी धरा

लिस्बनला एकटं फिरायला गेलेल्या माणसाचे पहिले दिवस टेकड्यांवर जातात. आल्फामा, ग्रासा, बाइरो आल्तो, वर चढायचं, शहर बघायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. परतीची तारीख जवळ येईपर्यंत पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि तरीही राहिलेल्या ठिकाणांची यादी घेऊन धावपळ सुरू होते. माझं स्पष्ट मत आहे की शेवटचे तीन दिवस तेजो नदीला द्यावेत. रस्ता बहुतेक सपाट, प्रवास बोटीचा आणि लोकलचा. शिवाय लिस्बनचं आपल्या किनाऱ्याशी असलेलं नातं पाण्याकाठीच सर्वांत जास्त भेटतं.

आधी तिकिटाचं बघू. मेट्रो स्टेशनवरच्या मशीनमधून अर्ध्या युरोला ‘नावेगांते’ हे कागदी कार्ड मिळतं. त्यात पैसे भरून ठेवायचे, त्याला तिथे ‘झॅपिंग’ म्हणतात. मेट्रो, ट्राम, बस, नदीपलीकडची बोट आणि कास्काइश या किनाऱ्यावरच्या गावाची लोकल, सगळीकडे ते चालतं. गडबड होते ती दोन ठिकाणी. कार्डात झॅपिंगची शिल्लक असेल तर त्याच कार्डावर चोवीस तासांचा पास चढत नाही, त्यासाठी दुसरं कार्ड घ्यावं लागतं. आणि सगळ्यांत स्वस्त चोवीस तासांचा पास फक्त मेट्रो, बस आणि ट्रामचा असतो. तो दाखवला तर बोटीचं गेट उघडत नाही. नदीकाठच्या दिवसांना झॅपिंगच बरं, पण एकदम जास्त भरू नका, शिल्लक उरली की ती वाया.

पहिला दिवस पलीकडच्या तीराचा. काइश दो सोद्रे या नदीकाठच्या स्टेशनाजवळच्या धक्क्यावरून समोरच्या तीरावरच्या कासिल्यासची बोट पकडायची, दहाएक मिनिटांत पलीकडे. ऑफिसला जाणाऱ्या लोकांची ही रोजची बोट आहे, त्यामुळे सकाळी लिस्बनकडे येणारी आणि संध्याकाळी परत जाणारी बोट भरलेली असते. तुम्ही सकाळी उलट दिशेने जाता, त्यामुळे खिडकी मिळते.

कासिल्यासला उतरलं की बहुतेक लोक थेट बसने क्रिस्तो रेयला जातात. 1959 साली उभारलेला हा येशूचा पुतळा 28 मीटरचा आणि त्याखालचा चौथरा 82 मीटरचा. लिफ्टने वर गेलं की 25 एप्रिल पूल अगदी समोर. जरूर जा, पण त्याआधी धक्क्याजवळच्या कोरड्या गोदीत जा. तिथे ‘दों फर्नांदो दुसरा ए ग्लोरिया’ हे शिडाचं लढाऊ जहाज उभं आहे, आणि ते दमणमध्ये बांधलेलं आहे! नगर हवेलीच्या जंगलातलं सागवान, दमणची गोदी, साल 1843. पुढची सजावट गोव्यात झाली आणि 1845 मध्ये गोव्याहून लिस्बन असा त्याचा पहिला मोठा प्रवास झाला. नावातली ‘ग्लोरिया’ म्हणजे ग्लोरिया सायबीण, अर्थात मेरी माता. पन्नास तोफांचं हे जहाज पोर्तुगाल आणि भारत यांच्यामधल्या जुन्या ‘कारेरा दा इंदिया’ मार्गावरचं शेवटचं. 1963 मध्ये ते आगीत जळालं, सांगाडा कित्येक वर्षं नदीच्या चिखलात पडून होता. नव्वदच्या दशकात नौदलाने ते पुन्हा उभं केलं आणि 1998 च्या जागतिक प्रदर्शनात मांडलं.

आत शिरताना डोकं सांभाळा, खालच्या मजल्यांवर तुळया बुटक्या आहेत आणि जिने उभे. पाठीवरची सॅक पुढे घ्या. तोफांच्या मजल्यावर थांबून एकदा नीट बघा: तोफा, खलाशांची झोपायची जागा, जेवणाची जागा, सगळं एकाच दालनात. इतक्या दाटीत माणसं महिनोन्‌महिने समुद्रावर राहत. हे जहाज लिस्बनच्या नेहमीच्या यादीत क्वचित असतं, आणि दमण-गोव्याकडून येणाऱ्याने ते न बघता परतावं हे मला खरंच पटत नाही. एक तास लागतो. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या रात्री तपासा.

दुसरा दिवस शहराच्या पश्चिमेला नदीकाठी असलेल्या बेलेमचा. तो सोमवार असेल तर दिवसांची अदलाबदल करा, कारण जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. ट्राम 15 जाते पण खच्चून भरते. काइश दो सोद्रेहून लोकल सोपी, सातआठ मिनिटांची. मात्र फलक वाचूनच चढा: कास्काइशच्या बऱ्याच जलद गाड्या बेलेमला थांबत नाहीत. ओएरासची सगळीकडे थांबणारी गाडी घ्या.

मठाच्या आवाराची रांग आणि चर्चची रांग वेगवेगळी आहे. चुकीच्या रांगेत तास घालवणारे रोज दिसतात. चर्चमध्ये शिरताच दोन्ही बाजूंना वास्को द गामा आणि कवी कामोंइश यांच्या समाध्या आहेत. पुढे नदीकाठाने बेलेम मनोऱ्याकडे चालत जा. आत जाण्याचा हट्ट नको, बाहेरूनच एक गोष्ट शोधायची आहे. एका कोपऱ्यातल्या टेहळणी बुरुजाच्या बुडाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे 1515 मध्ये लिस्बनला उतरला. वाऱ्यापाण्याने नाक-कान झिजलेत, म्हणून फोनचा झूम लावूनच बघा. आणि ओहोटीच्या वेळेला या, भरतीला मनोऱ्याभोवती पाणी चढतं आणि ती बाजू धड दिसत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं.

एकट्याच्या जेवणाला ‘मेया दोझ’ हे शब्द लक्षात ठेवा, म्हणजे अर्धी प्लेट. पूर्ण ‘दोझ’ बऱ्याच ठिकाणी दोघांना पुरते. बसल्याबरोबर समोर येणारा पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. शाकाहारी लोकांनी ‘काल्दो वेर्द’ सूप मागवताना ‘सें शोरिसो’ असं सांगायचं, नाहीतर त्यात डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत येते.

तिसरा दिवस निघण्याचा. चाकांची बॅग फरसबंदी रस्त्यावर ओढू नका. लहान लहान चुनखडी दगडांच्या त्या रस्त्यावर चाकं निखळतात, आणि पाऊस असेल तर बुटांचा तळ गुळगुळीत असलेला माणूसही घसरतो. बॅग हॉस्टेलमध्येच ठेवून मार्तिं मोनिझ या चौकात जा. विमानात खायला काही हवं असेल तर तिथल्या मोरारिया बाजार-इमारतीत भारतीय दुकानं आहेत. तिथूनच ट्राम 28 सुटते. खिसेकापूंना ती फार प्रिय आहे, आणि एकट्या माणसाची पाठ राखायला कोणी नसतं. फोन मागच्या खिशात नको. जुन्या टाइल्स आठवण म्हणून घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच कुणाच्या तरी भिंतीवरून उचकटलेल्या असतात. नव्या घ्या.

विमानतळ शहरातच आहे. काइश दो सोद्रेहून हिरवी मेट्रो, आलामेदाला बदलून लाल. पण मेट्रो साडेसहाला सुरू होते, पहाटेचं विमान असेल तर टॅक्सीच. स्वस्त कंपन्यांची विमानं टर्मिनल 2 वरून सुटतात आणि मेट्रो येते टर्मिनल 1 ला, मधल्या शटल बसची वेळ धरून निघा.

करपरतावा, म्हणजे खरेदीवर भरलेला कर परत, घ्यायचा असेल तर खरेदी करतानाच दुकानात पासपोर्ट दाखवून कागद करून घ्यावा लागतो. बॅग लिस्बनहून थेट मुंबईपर्यंत टॅग होणार असेल आणि वस्तू तिच्यात असतील, तर ती काउंटरवर देण्याआधी लिस्बनलाच कस्टम्सची नोंद करा. वस्तू हातातल्या सॅकमध्ये असतील आणि मध्ये फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलायचं असेल, तर ते काम आणि पासपोर्टवरचं बाहेर पडणं, दोन्ही तिकडे होतं. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे जाणाऱ्यांचं दोन्ही लिस्बनलाच, त्यामुळे त्यांनी तीन तास आधी पोचलेलं बरं.