पाहुण्यांच्या गावी: वारांगर

हिवाळाभर पुण्याजवळ मुळा-मुठेकाठच्या कवडीपाटला जाणाऱ्या माणसाला ब्लूथ्रोट ठाऊक असतो तो एक चोरटा पक्षी म्हणून. पाणकणसाच्या बुडाशी शेपटी उडवत क्षणभर दिसतो आणि लगेच आत शिरतो. आवाज केलाच तर एखादं कोरडं ‘टक्’. नराच्या गळ्यावरचा निळा रंग तेव्हा अर्धामुर्धाच असतो. मार्चमध्ये तो उजळू लागतो आणि मग पक्षीच निघून जातो. चिखलात चरणाऱ्या टेमिंक स्टिंट या पक्ष्याचं तेच, रफचंही तेच. आपण त्यांना हिवाळी पाहुणे म्हणतो. पण पाहुण्याचं घर पाहिल्याशिवाय त्याची खरी ओळख झाली असं मला कधी वाटलं नाही. ते घर पाहायला जायचं, हे फार वर्षं मनात होतं.

जागा ठरली ती नॉर्वेच्या ईशान्य टोकाची: वारांगर द्वीपकल्प, ७० अंश उत्तर अक्षांश, समोर बेरंट्स समुद्र. ती निवडण्यामागे कारण होतं. नॉर्वेत वीण करणाऱ्या ब्लूथ्रोटांच्या पाठीवर एक ग्रॅमहूनही हलके जिओलोकेटर बसवून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे यंत्र फक्त उजेड आणि वेळ नोंदवतं. पुढच्या वर्षी तोच पक्षी पुन्हा पकडला, की दिवसाच्या लांबीवरून तो कुठे कुठे होता याचा अंदाज बांधता येतो. त्या नोंदींवरून दिसलं, की हे पक्षी युरोपातल्या इतर अनेक पक्ष्यांसारखे आफ्रिकेकडे न वळता आग्नेयेला, भारतीय उपखंडाकडे येतात. वारांगर ते पुणे सरळ रेषेत सुमारे ६,४०० किलोमीटर. हे वाचल्यावर दुसरा कुठलाही प्रदेश डोळ्यांसमोर येईना.

जूनच्या सुरुवातीला आम्ही चौघं निघालो. मुंबईहून ऑस्लो, तिथून किर्केनेस आणि पुढे भाड्याची गाडी. फ्योर्डला (जमिनीत आत शिरलेल्या लांबट खाडीला) वळसा घालून वादसो गावाला जाणारा रस्ता सुरू झाला आणि गाडीत बोलणंच थांबलं. एका बाजूला ओहोटीत उघडा पडलेला किनारा, दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावर अजून न वितळलेले बर्फाचे पट्टे. झाड म्हणावं तर वाऱ्याने वाकलेलं बुटकं बर्च, नाहीतर विलोची कमरेएवढी झुडपं. मधूनच रेनडिअर रस्त्यावर येऊन उभी राहतात आणि त्यांच्या सवडीने बाजूला होतात. हा सामी या इथल्या मूळ लोकांचा मुलूख आहे, रेनडिअरही त्यांचीच. गावाबाहेर कॉड मासे वाळवायच्या उंच लाकडी मांडण्या दिसतात.

मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत इथे सूर्य मावळत नाही. हे वाचून माहीत असतं, पण शरीराला ते पटायला वेळ लागतो. फोटो काढणाऱ्यासाठी मात्र ही पर्वणीच. दुपारचा उजेड चपटा आणि कडक, म्हणून दुपारी झोपायचं, संध्याकाळी उठून थालीपीठं लावायची (भाजणी पुण्याहून नेली होती) आणि रात्री दहाला बाहेर पडायचं. दहा ते दोन या वेळात सूर्य क्षितिजाला लागून सरकत राहतो. आपल्याकडे जो सोनेरी उजेड अर्ध्या तासात निसटतो, तो इथे चार-चार तास हलत नाही.

अशाच एका रात्री, साडेअकराच्या सुमाराला, नेसेबी गावाजवळच्या विलोंमध्ये ब्लूथ्रोट भेटला. भेटला म्हणजे आधी ऐकू आला. आमच्यातले ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, एकदम थांबले आणि हात वर केला. सुरुवातीला घंटेसारखे सुटे स्वर, मग त्यांचा वेग वाढत गेला, त्यात शिट्ट्या, किरकिर आणि मध्येच दुसऱ्याच पक्ष्यांच्या नकला. हा पक्षी नकलांसाठी प्रसिद्धच आहे. झुडपाच्या अगदी शेंड्यावर, उघड्यावर, छाती पुढे काढून तो बसला होता. गळा गडद निळा, मध्ये विटकरी ठिपका, खाली काळी आणि तांबूस पट्टी. गाता गाता तो हवेत झेपावला आणि शेपटी पसरून तरंगत खाली आला. कवडीला जो आपल्याला पाठ दाखवतो, तोच हा! सरांनी दुर्बीण खाली केली आणि म्हणाले, “इतकी वर्षं पाहतोय रे याला. आवाज आज ऐकला.” मला पुढची काही मिनिटं कॅमेरा उचलावासा वाटला नाही. नंतर उचलला. आवाजाची रेकॉर्डिंग लावून त्याला जवळ बोलवायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. विणीच्या दिवसांत प्रतिस्पर्धी आल्याचं भासवून त्याची शक्ती आणि वेळ खर्ची घालणं मला अजिबात मान्य नाही, फोटो कितीही चांगला मिळो.

वादसोच्या समोरच्या छोट्या बेटावर एक लोखंडी मनोरा आहे. १९२६ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेलं ‘नोर्गे’ हे वायुजहाज (गॅसच्या फुग्याने उडणारं) इथे बांधलं होतं. आम्हाला मनोऱ्यापेक्षा त्याच्याजवळच्या डबक्याची ओढ. तिथे रेड-नेक्ड फॅलरोप पाण्यावर भोवऱ्यासारखे गरगर फिरत तळातले किडे वर आणत होते. यांच्यात मादी जास्त रंगीत, ती अंडी घालून मोकळी होते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. स्कँडिनेव्हियातले हे फॅलरोप हिवाळ्यात अरबी समुद्रात येतात आणि किनाऱ्यापासून दूर, लाटांवरच राहतात. म्हणजे आपल्या कोकणापलीकडच्या पाण्याशी यांचं नातं आहे. टेमिंक स्टिंटही तिथेच, लोकांच्या घरांमागच्या गवतात. कवडीच्या चिखलात मान खाली घालून चरणारा हा मुठीएवढा करडा जीव इथे पंख थरथरवत हवेत स्थिर राहून अखंड किणकिणतो, मग एखाद्या दगडावर उतरून तिथेही गात राहतो. याचा संसारही वेगळा: मादी एका घरट्यातली अंडी नराच्या हवाली करते आणि दुसरी स्वतः उबवते.

रफ पाहायला मात्र थांबावं लागलं. यांची नाचायची जागा ठरलेली असते, शास्त्रात तिला लेक म्हणतात. ती कुठे, हे मी मुद्दाम लिहीत नाही. नॉर्वेत रफ कमी होत चालले आहेत आणि एका लेकवर माणसांची रांग लागायला एवढी माहितीही पुरते. आम्ही लांब, गाडीतच, कॅमेरा टेकवायला खिडकीवर बीन बॅग ठेवून बसलो. ओलसर गवताच्या उंचवट्यावर नर जमले होते. कुणाची गळ्याभोवतीची झालर काळी, कुणाची तांबडी, कुणाची पांढरीशुभ्र, दोघांचे रंग एकसारखे नाहीत. भिगवणला हिवाळ्यात दिसणारे ते फिकट तपकिरी रफ (ते सायबेरियाकडून येतात, हे बहुतेक आफ्रिकेत जातात) आणि हे एकाच जातीचे, यावर नजर विश्वास ठेवत नाही. काळे-तांबडे नर आपापली हातभर जागा राखतात. पांढऱ्या झालरीचे जागा राखत नाहीत, पण राखणारे त्यांना हुसकावतही नाहीत, कारण दोघं मिळून असले की माद्या जास्त येतात. तिसरा प्रकार फार दुर्मीळ: मादीसारखाच दिसणारा, झालर नसलेला नर. हे तिन्ही प्रकार जन्मापासूनच ठरलेले. सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी एका गुणसूत्राचा तुकडा उलटा बसला आणि त्यातून हा फरक आला. आणि हे सगळं निःशब्द! उड्या, पंखांची फडफड, मान खाली घालून दबा धरणं, पण आवाज जवळजवळ नाही. मादी आली की सगळे जमिनीला चिकटून स्तब्ध.

वारदो या बेटावरच्या गावी समुद्राखालच्या बोगद्यातून जातात, नॉर्वेतला तो असा पहिला बोगदा. तिथून बोटीने दहा-एक मिनिटांवर हॉर्नोया हे पक्ष्यांचं बेट. कड्याखाली उतरलो आणि वरून, खालून, बाजूने पक्षीच पक्षी: गिलेमॉट, रेझरबिल, शॅग, किटीवेक, गवताच्या कडेला पफिन. इथे लांब लेन्स अडचणीची ठरते, १००-४०० मिमीची पुरे. तेवढ्यात एक व्हाइट-टेल्ड ईगल कड्यावरून गेला आणि हजारो पक्षी एकदम समुद्राकडे कोसळले. त्या आवाजाने छातीत धडधडलं.

पण वादसोजवळच्या एक्केरॉयच्या कड्यापाशी मन जड झालं. २०२३ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूने वादसोच्या परिसरात हजारो किटीवेक मेले, आणि त्याआधीपासूनच नॉर्वेत त्यांची संख्या घसरत होती. घरट्यांवर बसलेले पक्षी पाहताना मधल्या रिकाम्या कपारी नजरेआड करता येत नव्हत्या. सर म्हणाले, “इथे अंडी वाचली आणि आपल्याकडे चिखल राहिला नाही, तर उपयोग काय?” ते ब्लूथ्रोट आणि स्टिंटबद्दल बोलत होते. मुळा-मुठेचे काठ दगड-सिमेंटने बांधून सरळ केले, की आधी जातो तो उथळ चिखल आणि पाणकणीस. आपल्याला ती घाण वाटते, या पक्ष्यांसाठी मात्र तेच सहा-सात महिन्यांचं अन्न आणि आसरा. कवडीपाटचं प्रदूषण हटायलाच हवं, पण चिखल आणि झुडूप ठेवून. हे पुण्यातल्या प्रत्येक पक्षीमित्राने जिथे बोलता येईल तिथे बोलावं, असं मला कळकळीने वाटतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. रफ पाहायचे तर मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, नंतर नर निघून जातात. जूनमध्येही चार-पाच अंश तापमान आणि त्यावर समुद्राचा वारा, तेव्हा लोकरीचे थर, वारा अडवणारं जाकीट आणि बोटं उघडता येणारे हातमोजे न्या. झोपेसाठी डोळ्यांवर पट्टी हवीच. राहणं-खाणं फार महाग आहे, स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर खर्च आटोक्यात राहतो. किनाऱ्यावर ठिकठिकाणी वाऱ्याला पाठ देऊन बांधलेले लाकडी आडोसे आहेत, तिथे बसून तासन्‌तास पाहता येतं. हॉर्नोयाची बोट वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते, म्हणून वारदोला एक दिवस जास्तीचा ठेवा.