माळ्यावरचा लॅपटॉप
आज परभणीच्या घरी, माळ्यावर कित्येक वर्षे पडून असलेला लॅपटॉप मी खाली उतरवला. त्याची रॅम अवघी २ जीबी, आणि त्यातल्या विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर मोफत सुरक्षा-सुधारणा मिळणेही बंद झालेले. नवी प्रणाली टाकताना जुने सारे पुसले जाऊ शकते, म्हणून आधी त्यातले आईचे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. त्यातच दुपार गेली, पण ती वाया गेली असे मला वाटत नाही. मग लिनक्स मिंट या मोफत संगणक-प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता तिथूनच चालवून पाहिली आणि वाय-फाय व आवाज दोन्ही नीट चालतात याची खात्री झाल्यावरच ती कायमची बसवायला घेतली. मध्येच वीज गेली, बॅटरी तर केव्हाच निकामी झालेली. सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

एक्सएफसीई दिखाऊ सजावट टाळते, त्यामुळे रॅम बरीच मोकळी राहते. तरीही ब्राउझरमध्ये चार-पाच पाने उघडली की २ जीबी अपुरी पडते, हे मान्य केलेच पाहिजे.

संध्याकाळी दहावीतल्या पुतणीने इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कळफलक वापरून त्यावर स्वतःचे नाव मराठीत लिहिले आणि विचारले, "काका, हा आता माझाच ना?"