डॅलस ते ह्यूस्टन, दोन तिकिटं आणि आठ वर्षांची वाट

1 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी रोझ बोलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सेमीफायनलला, ओव्हरटाइममध्ये अलाबामाच्या क्वार्टरबॅकला (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) आमच्या मिशिगनच्या पोरांनी गोल लाइनच्या अलीकडे आडवा केला, स्कोअर 27-20, आणि मी टीव्हीसमोर रडतच माझ्या कॉलेजातल्या रूममेटला, जी आता ह्यूस्टनला असते, फोन लावला. ती पण रडत होती. दोघी एकदमच म्हणालो, जायचंच. फायनल पुढच्या सोमवारी, 8 तारखेला, ह्यूस्टनच्या एनआरजी स्टेडियमला, तिच्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि मी डॅलसला, म्हणजे गाडीने चार तास. मिशिगन फायनलला आणि तीही आपल्या दारात, असा योग परत कधी येणार होता!

ज्यांना कॉलेज फुटबॉल माहीत नाही त्यांना हे वेड वाटेल म्हणून थोडं मागचं सांगते. 2015 च्या ऑगस्टमध्ये मी पुण्याहून ॲन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीत, एमएस करायला गेले, तेव्हा या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, रूममेटने ओढत नेलं म्हणून गेले. एक लाख सात हजार माणसं बसतात त्या बिग हाऊसमध्ये, म्हणजे मिशिगनच्या स्टेडियममध्ये, आणि सगळी पिवळ्या-निळ्यात. ऑक्टोबरमध्ये मिशिगन स्टेट या दुसऱ्या युनिव्हर्सिटीबरोबर मॅच होती, आपण 23-21 ने पुढे, घड्याळात फक्त 10 सेकंद, बॉल लांब लाथाडायचा आणि संपलं, एवढंच काम होतं. तो हातातून सुटला, त्यांच्या पोराने उचलला आणि पळत सुटला. 27-23, हरलो. ती शांतता मी आयुष्यात विसरणार नाही, शेजारचे एक आजोबा खाली बसून नुसते जमिनीकडे बघत होते. मला वाटतं त्या दिवशी मी खरी मिशिगनची झाले, जिंकताना कुणीही होतं हो. नंतर प्लेऑफला, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीला, दोनदा पोचलो आणि दोन्ही वेळा सेमीफायनललाच घरी, आधी जॉर्जियाकडून हरून, मग टीसीयूकडून.

तर आता तिकिटं. युनिव्हर्सिटीच्या वाट्याला जी तिकिटं येतात ती आधी सीझन तिकीटवाल्यांना आणि देणगीदारांना, ज्याने जास्त वर्षं जास्त पैसे दिले त्याचा नंबर वर. विद्यार्थ्यांचा कोटा वेगळा. आमच्यासारख्या माजी विद्यार्थ्यांनी, ज्यांनी पहिली पाच वर्षं एज्युकेशन लोनच फेडलंय, त्यांचा नंबर काही लागत नाही. म्हणजे रीसेल, दुसऱ्यांनी परत विकायला काढलेली. मंगळवारी सकाळी बघितलं तर सगळ्यात वरच्या मजल्याच्या सीटसुद्धा चार आकडी डॉलर. रूममेट म्हणाली थांब, लोक घाबरून घेतायत, उतरतील. मग आमचा उद्योग सुरू, ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन, दर तासाला रिफ्रेश, थोडे उतरले की तिला स्क्रीनशॉट, दहा मिनिटांत परत चढलेले. त्यातून एक शिकले ते सांगते, तेव्हा, 2024 मध्ये, पहिल्या पानावरचा आकडा बघण्यात अर्थच नव्हता, कुठलीशी फी आणि आणखी कुठलीशी फी धरून शेवटच्या पानावर जवळपास पाव किंमत वर चढायची, त्यामुळे सुरुवातीलाच फीसकट किंमत दाखवायचं बटण शोधून दाबावं लागायचं आणि मगच तुलना करता यायची. आणि दोन सीट शेजारी-शेजारी आहेत का ते नीट वाचायचं, मागे-पुढे असल्या तर स्वस्त दिसतात.

गुरुवारी रात्री अकराला घेतली. एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, मागे, पार वर. बटण दाबताना हात थरथरत होता माझा.

रविवारी निघाले. आय-45 सरळसोट रस्ता, मॅडिसनव्हिलला बकीजला, म्हणजे पेट्रोल पंपाच्या मोठ्या दुकानाला, थांबून कॉफी, हंट्सव्हिलला झाडांमधून टेक्सासच्या जुन्या पुढाऱ्याचा, सॅम ह्यूस्टनचा, तो पांढरा प्रचंड पुतळा दिसला की समजायचं शहर आलं जवळ. पण माझं सगळं लक्ष फोनवर, कारण पैसे गेले होते आणि तिकीट आलं नव्हतं, ॲपमध्ये नुसतं "विक्रेत्याकडून येणे बाकी". रात्री रूममेटच्या आईने, काकूंनी, गरम वरण-भात वाढला आणि किंमत विचारली. आम्ही सांगितली. काकू म्हणाल्या, "अगं, तीन तोळे सोनं आलं असतं!" आणि मग माझा चेहरा बघून लगेच, "येईल गं तिकीट, देवापाशी दिवा लावलाय मी."

सोमवारी सकाळी 11 वाजून 10 मिनिटांनी आलं. नुसता बारकोड नाही, त्यावरून एक रेघ सारखी सरकत असते, म्हणजे स्क्रीनशॉट चालतच नाही. रूममेटने देवासमोर फोन ठेवला, खरंच ठेवला.

मेट्रोची रेड लाइन पकडून गेलो, पार्किंगपेक्षा शंभर पटीने बरं. डब्यात अर्धे पिवळे, अर्धे समोरच्या टीमचे, वॉशिंग्टनचे, जांभळे, आणि सगळे एकमेकांना तिकीट कितीला घेतलं तेच विचारत होते. पर्स आरपार दिसणारीच लागते, आमची प्लास्टिकची होती.

खेळाचं काय सांगू, पहिल्या क्वार्टरमध्येच आमचा डोनोव्हन एडवर्ड्स 41 यार्ड पळाला, आणि परत 46 यार्ड, आणि आम्ही वरून बघत होतो म्हणून मैदानात वाट कशी उघडली ते टीव्हीपेक्षा स्वच्छ दिसलं. हाफटाइमला 17-10, मग 20-13, तेव्हा पोटात तोच 2015 चा गोळा, रूममेटने माझं मनगट धरलं ते सोडेचना. मग आमच्या ब्लेक कोरमने 12 यार्डावरून आत घातला, मग आमच्याच सेनरिस्टिलने त्यांनी फेकलेला बॉल पकडून 81 यार्ड पळवत आणला, आणि शेवटी 34-13. पूर्ण सीझनमध्ये 15-0! 1997 नंतर पहिल्यांदा चॅम्पियन.

लोक पांगल्यावर आम्ही खालच्या मजल्यावर उतरून कठड्यापर्यंत गेलो, तिथे एक पिवळी कागदाची पट्टी उडून आली होती ती उचलली. हल्ली तिकिटाचा कागद हातात मिळतच नाही, जपून ठेवायला तेवढीच. पासपोर्टच्या कव्हरात आहे.

घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. काकू जाग्याच होत्या, दार उघडत म्हणाल्या, "जिंकलात ना गं? पिठलं टाकते."